मधोमध स्थिर विमान

लहान खासगी विमानाच्या कॉकपिटमध्ये नवा पडदा बसवायचा ठरला की मालकाची नजर आधी नकाशावर जाते. माझी जाते ती पडद्याच्या खालच्या भागातल्या गोल तबकडीवर. हॉरिझाँटल सिच्युएशन इंडिकेटर हे तिचं पूर्ण नाव, वैमानिकांच्या तोंडी एचएसआय. पडदा कोणत्याही कंपनीचा असो, ही तबकडी त्यावर जितकी निर्मळ उतरली असेल तितका तो चांगला, असं माझं ठाम मत आहे. वाट दाखवणाऱ्या उपकरणांत इतकी देखणी रचना दुसरी नाही.

तिचं मोल कळायला आधीची अवस्था आठवावी लागते. जुन्या सेसना १७२ मध्ये यासाठी दोन स्वतंत्र तबकड्या असत. एक जायरोवर चालणारी, विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे ते सांगणारी. दुसरी व्हीओआरची, जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासून आखलेली वाट आपल्या डावीकडे आहे की उजवीकडे, ते सांगणारी. दुसरीला पहिलीचा पत्ताच नसे. केंद्राकडे जाताना चुकून उलटी दिशा लावलेली राहिली, तर वाट डावीकडे असताना काटा उजवीकडे झुके. शिवाय जायरो हळूहळू सरकतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवून घ्यायचा. तेही सरळ आणि एका वेगाने उडत असताना, कारण वळताना किंवा वेग बदलताना होकायंत्र स्वतःच चुकतं. ढगात हेलकावे खात, रेडिओवर बोलता बोलता या दोन तबकड्यांचं मिळून एक चित्र वैमानिकाने डोक्यात जुळवायचं.

एचएसआयने ते चित्र डोक्यातून काढून पॅनेलवर मांडलं. किंग रेडिओ कंपनीचा केआय ५२५ए हा एचएसआय निवांत बघावा असा आहे. मधोमध वरून पाहिल्यासारखी छोट्या विमानाची आकृती. ती हलत नाही. तिच्याभोवती दिशांची तबकडी फिरते आणि वरच्या रेषेखाली येईल तो अंक म्हणजे नाकाची दिशा. पंखात किंवा शेपटीत, लोखंडापासून दूर बसवलेला चुंबकीय संवेदक जायरोला सतत ताळ्यावर ठेवतो, त्यामुळे पंधरा मिनिटांची ती कटकट संपली. तबकडीवर आरपार एक पिवळा बाण असतो, हवी ती वाट दाखवणारा. खरी प्रतिभा या बाणात आहे. त्याचा मधला तुकडा कापून मोकळा सोडलाय. आपण वाटेवर असलो की तो तुकडा टोक आणि शेपूट यांच्या रेषेत बसतो, बाण सलग होतो. वाट उजवीकडे राहिली की तुकडा उजवीकडे सरकतो. दिशा उलटी लावली गेली, तर बाणाचं टोक खाली येतं आणि चूक डोळ्यांत भरते. पण तुकडा तेव्हाही वाटेच्या खऱ्या बाजूलाच राहतो.

आता वारा. समजा वाट २७० अंशांची, थेट पश्चिमेची, आणि दक्षिणेकडून वारा येतोय. वाट सुटू नये म्हणून नाक २६२ वर धरावं लागलं. तबकडीवर बाण सलग दिसतो, पण आठ अंश उजवीकडे कललेला. तो कल म्हणजे वारा. त्याच्यासाठी वेगळा काटा नाही, आकडा नाही, तरी तो समोर दिसतो. या आठ अंशांच्या कलावर माझा जीव आहे. नव्या पडद्यांनी त्यात जीपीएसच्या आधारे एक भर घातली: विमान जमिनीवरून प्रत्यक्षात कुठल्या दिशेने सरकतंय, त्याची एक छोटी खूण तबकडीच्या कडेवर. ती खूण बाणाच्या टोकाशी नेऊन ठेवली की वाऱ्याचा हिशेब झाला. मूळ रचनेला धक्का न लावता तिला आणखी बोलकं करणं, याला म्हणतात जाण.

दुसरा गुण मौनाचा. धावपट्टीकडे उतरण्याचा कोन दाखवणारे छोटे काटे केआय ५२५एच्या दोन्ही कडांना आहेत. भरवशाचा सिग्नल मिळाला तरच ते खाली उतरून नजरेस पडतात. सिग्नल डळमळला की पुन्हा लपतात. (असं उभं मार्गदर्शन आता उपग्रहांच्या आधारेही मिळतं, आपल्याकडच्या ‘गगन’ प्रणालीला त्यासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली.) सर्वांत घातक असतो तो मधोमध थांबलेला मेलेला काटा, कारण तो सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो.

किंग रेडिओ कॅन्ससमधल्या ओलेथा गावची. गार्मिनचं मुख्यालयही तिथेच, आणि गार्मिनचे दोन्ही संस्थापक, गॅरी बरेल आणि मिन काओ, आधी किंगमध्येच होते. त्यामुळे गार्मिनच्या जी५ वर ही रचना ओळखीची वाटते यात नवल नाही. साडेतीन इंचांचा हा पडदा २०१६ पासून प्रमाणित विमानांत बसवता येऊ लागला. जुन्या गोल भोकावर तो बसतो आणि विमानाची वीज गेली तरी चार तासांपर्यंत त्याची बॅटरी पुरते. नकाशा नाही, आणि मला ते त्याचं बलस्थान वाटतं. आकडे मात्र जरा दाटीने आलेत. त्या बाबतीत अ‍ॅस्पेन कंपनीचा उभा पडदा मोकळा आहे. तो एकाखाली एक असलेली दोन भोकं झाकतो, वर क्षितिज आणि खाली एचएसआय. वर्षानुवर्षं मुरलेली नजरेची सवय त्यामुळे मोडत नाही.

पडद्यावर रंगाने एक मोठं काम केलंय. बाण राणी रंगाचा असेल तर वाट जीपीएसची, हिरवा असेल तर जमिनीवरच्या रेडिओची. ढगातून उतरताना भलत्याच स्रोताचा काटा धरून जाणं ही जिवावर बेतणारी चूक. ती पकडायला हा एक रंग पुरतो. एचएसआयच्या पोटातच नकाशा भरण्याची सोय मात्र मी बंद ठेवीन. रस्ते आणि विमानतळांची नावं बाणाखाली आली की मधल्या तुकड्याचं बारीक सरकणं हरवतं. मोठा पडदा म्हणजे आपोआप जास्त सुरक्षितता, असंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने लहान विमानांतल्या पडद्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पडदेवाल्या विमानांचं एकूण अपघातांचं प्रमाण कमी, पण जीवघेण्या अपघातांचं जास्त आढळलं, आणि मंडळाने त्या त्या उपकरणाच्या प्रशिक्षणावर भर दिला.

जुन्या १७२ ला मी अ‍ॅस्पेन किंवा वर-खाली दोन जी५ सुचवीन. पण मागणी नोंदवण्याआधी एक गोष्ट जरूर करावी. विक्रेता पडदा दाखवतो तेव्हा सगळे सिग्नल सुरळीत असतात. त्याला जीपीएसची जोडणी काढायला सांगावं आणि राणी रंगाचा तुकडा किती चटकन, किती ठळकपणे नाहीसा होतो ते पाहावं. मग चुंबकीय संवेदकाची जोडणी काढायला सांगून दिशेच्या आकड्याचं काय होतं, तेही.