लाटांवरचे सख्य

विल्यम फिनेगन यांच्या ‘बार्बेरियन डेज’ (२०१५) या आत्मकथनास २०१६ साली पुलित्झर पारितोषिक लाभले. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याच्या, म्हणजे सर्फिंगच्या, वेडाची ही कहाणी १९६६ च्या होनोलुलूपासून सुरू होते. तथापि तिचे मर्म मैत्रीच्या चित्रणात आहे. १९७८ साली लेखक व त्याचा मित्र ब्रायन दि साल्व्हातोरे फिजीतील निर्जन तावारुआ बेटावर राहिले. तेथे गवसलेली लाट दोघांनी गुप्त राखली. परंतु लाट एक आणि स्वार दोन, तेथे स्पर्धा अटळच. लेखक ती लपवीत नाही. मित्राशी उडालेले खटकेही नोंदवितो. आपल्याकडील आठवणींच्या लेखनात स्नेह पुष्कळदा स्तुतीत विरून जातो. येथे मतभेद शिल्लक राहतात. म्हणूनच स्नेहावर विश्वास बसतो.