पुढचा अंक मिळेलच असं नाही

सुपरहिरोंच्या मासिक कॉमिक्सवर लिहिणारे बहुतेक जण शहरातला वाचक डोळ्यांपुढे ठेवतात. त्याच्या घराजवळ दुकान असतं, अंक ठरल्या दिवशी येतो, चुकला तर मागवता येतो. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात वाचणाऱ्याचं गणित निराळं. इथे कॉमिक यायचं ते कुणाच्या तरी पिशवीतून: गेवराई किंवा शेवगावच्या स्टँडवरून, बीडला शिकायला गेलेल्या भावाकडून, नाहीतर पुण्याहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या पोरांकडून. मुखपृष्ठ फाटलेलं, मधलं एखादं पान गळालेलं, आणि शेवटच्या चौकटीत ‘क्रमशः’ असलं तर पुढचा भाग कधी हाती पडेल याचा नेम नाही. बीड जिल्ह्यात तर हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या घरातल्या मुलाला ‘पुढील महिन्यात वाचा’ असं सांगण्यात काय अर्थ?

या कलाप्रकाराचं मोल ठरवायचं तर ते याच वाचकाच्या बाजूने ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. मागचं काही माहीत नसताना आणि पुढचं मिळण्याची खात्री नसताना हातातला एक अंक स्वतःच्या पायांवर उभा राहतो का? नायकाचे बाहू, रंग, छपाई, खलनायकाचं कर्तृत्व हे सगळं त्यानंतर.

मासिकातून गोष्ट कशी सांगावी याचा उत्तम नमुना आपल्याकडे सुपरहिरो येण्याच्या आधीच होता. ‘चांदोबा’ मराठीत 1952 साली सुरू झाला. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट दर महिन्याला त्याच जागी सुरू व्हायची: राजा झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजा तोंड उघडतो आणि वेताळ पुन्हा झाडावर. चौकट कायमची, गोष्ट मात्र त्या महिन्यापुरती आणि पूर्ण. चित्रकार शंकर यांनी काढलेलं, हाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेल्या विक्रमाचं चित्र एकदा पाहिलं की कुठल्याही अंकात शिरायला दुसरी ओळख लागत नसे. राजा जिंकत नाही, हरतही नाही, आणि तरी प्रत्येक अंक संपल्याचं समाधान देतो. मालिका अखंड ठेवून अंक पुरा करायचा, ही मासिकातल्या नायकाची सगळ्यात अवघड अट आहे आणि ‘चांदोबा’ने ती सहज पाळली.

1964 च्या मार्चमध्ये टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. ली फॉकचा फँटम त्यातून आपल्याकडे आला आणि मराठीत वेताळ म्हणून घरोघरी पोचला. सोबत मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी होती. आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक असा प्रवास करत ते 1990 साली बंद पडलं. या मालिकेचं बळ कशात होतं, ते एखादा अंक उघडून चौकटी मोजल्या की दिसतं. मुळात या गोष्टी अमेरिकी वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीतून छापलेल्या. रोजच्या पट्टीचं काम ठरलेलं: पहिल्या चौकटीत कालची आठवण, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी ओढ. त्या पट्ट्या कापून पानावर मांडल्यामुळे दर तीन-चार चौकटींनी काहीतरी अडतं, कुणीतरी दारात उभं राहतं, एखादी बंदूक रोखली जाते. वाचणारा थांबतच नाही. शिवाय गोष्ट वर्तमानपत्रात आधीच संपलेली असल्याने तिचा शेवट तयार असायचा. दोन भागांत तोडलेल्या कथा होत्या, पण बहुतेक अंक एका बैठकीत पुरे व्हायचे. उमापूरच्या कसोटीला इंद्रजाल उतरतं ते त्यामुळे.

फॉकने आणखी एक पेच आधीच सोडवून ठेवला होता. वर्षानुवर्षं चालणाऱ्या नायकाचं वय कसं वाढवायचं? त्याचा वेताळ एकविसावा. 1536 पासून बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो, जंगलाला वाटतं हा अमर आहे. म्हणजे माणूस मरतो आणि नायक उरतो. ही कल्पना इतकी पक्की आहे की तिच्या जवळपास जाणारी दुसरी मला सुपरहिरोंच्या साऱ्या वाङ्मयात दिसत नाही. 1977 साली फॉकने वेताळाचं डायनाशी लग्नही लावून दिलं, पुढे जुळी मुलं दिली. तरी एकविसाव्याला मरू देण्याचं धाडस मात्र त्यालाही झालं नाही.

दोष दाखवायचा तर तोही इथेच, ठळकपणे. मुखवट्यातला गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसून आफ्रिकेतल्या जमातींना न्याय देतो, आणि त्या जमाती पिढ्यान्पिढ्या त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. भारतीय आवृत्तीत संपादकांनी बेंगाला देशाचं ‘डेंकाली’ केलं, चाच्यांच्या ‘सिंग’ टोळीचं ‘सिंगा’ केलं. आपल्याला बोचेल ते काढलं. आफ्रिकी माणसाला बोचणारं होतं तसंच राहिलं. लहानपणी हे जाणवत नाही, म्हणूनच त्याचा परिणाम खोलवर होतो. 1976 च्या डिसेंबरात आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी रेखाटलेला ‘बहादूर’ इंद्रजालमध्ये आला, तो या दृष्टीने फार मोलाचा. चंबळच्या डाकूचा हा मुलगा, अंगात कुर्ता आणि जीन्स, अंगी कुठलीही दैवी शक्ती नाही. गावकऱ्यांना एकत्र आणून तो नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो. गाव स्वतःचं रक्षण करू शकतं, हे म्हणणारा नायक आपल्या कॉमिक्समध्ये फार थोड्या वेळा दिसला आहे.

खऱ्या अर्थाने अतिमानवी शक्तीचा भारतीय नायक घराघरांत गेला तो हिंदीतून. राज कॉमिक्सचा ‘नागराज’ 1986 साली आला. परशुराम शर्मांची कथा, आणि चित्रं प्रताप मुळीक यांची. पुण्याचे मुळीक ‘अमर चित्रकथे’च्या पुराणपुरुषांनी आणि ऐतिहासिक वीरांनी हात तयार झालेले चित्रकार. सुरुवातीच्या नागराजची ताकद अर्ध्याहून अधिक त्यांच्या ब्रशमध्ये आहे. नागराज हात पुढे करतो आणि मनगटातून साप सुटतात, ही चौकट पाहा. एखाद्या साध्या चित्रकाराने साप म्हणजे वळवळत्या रेघा काढल्या असत्या. मुळीकांच्या सापाला वजन असतं. हाताचे स्नायू त्या वजनाने ताणलेले दिसतात, सापाच्या वळणाला ब्रशची रेघ जाड होते, शेपटाकडे निमुळती होते. हिरव्या खवल्यांचं अंग असलेला माणूस वाचकाला हास्यास्पद वाटला नाही, कारण त्याच्या देहाखाली हाडं आहेत हे चित्रकाराला ठाऊक होतं.

1987 साली अनुपम सिन्हांनी ‘सुपर कमांडो ध्रुव’ आणला. सर्कशीत वाढलेला, पशुपक्ष्यांची भाषा जाणणारा आणि विशेष म्हणजे महाशक्ती नसलेला मुलगा. तो सुटतो विज्ञानातल्या एखाद्या साध्या युक्तीने आणि समोर पडलेल्या वस्तूच्या उपयोगाने. राज कॉमिक्समधले ध्रुवचे सुरुवातीचे अंक मला सगळ्यांत उजवे वाटतात, कारण त्यांत कोडं त्याच अंकात घातलं जातं आणि त्याच अंकात सुटतं. ‘डोगा’बद्दल माझं मन असं मोकळेपणाने होकार देत नाही. कुत्र्याचा मुखवटा घातलेला हा नायक मुंबईचा, आणि त्याच्या पानांतली मुंबई जिवंत आहे. पण डोगा गुन्हेगाराला पकडत नाही, मारतो. न्यायालय, पंच, साक्षीदार कुणाचीच गरज नाही असं ज्या नायकाला वाटतं, त्याच्या मागे बारा वर्षांच्या वाचकाला धावायला लावणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

पुढे राज कॉमिक्सलाही तोच रोग जडला जो अमेरिकेत आधी जडला होता. एका अंकाची गोष्ट दोन अंकांत गेली, दोन अंकांची मालिकेत, मग सगळे नायक एकत्र. रामायणाच्या साच्यावर बेतलेली ‘नागायण’ ही मोठ्या आवाक्याची, मेहनतीची मालिका आहे. पण तिचा मधलाच भाग हाती आला तर काय समजणार?

अमेरिकेतलं एक उदाहरण या रोगाचं इतकं नेमकं निदान करतं की त्यावर थांबायलाच हवं. 1992 च्या अखेरीस सुपरमॅनचा मृत्यू दाखवला गेला. तेव्हा त्याच्या नावाने चार मासिकं चालत होती आणि मृत्यूची कथा त्या चारही मासिकांतून फिरत गेली. मांडणी विलक्षण होती: एका अंकात प्रत्येक पानावर चार चौकटी, पुढच्यात तीन, मग दोन, आणि शेवटच्या, म्हणजे ‘सुपरमॅन’ क्रमांक 75 मध्ये प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र. पानं उलटत जावं तसा श्वास आखूड होत जातो. कॉमिक्सच्या भाषेत मृत्यू जवळ येण्याचं याहून चांगलं वर्णन मी पाहिलेलं नाही. पण तो 75 वा अंक तेवढाच हाती आला, तर त्यात हाणामारीच्या मोठमोठ्या चित्रांपलीकडे गोष्ट उरत नाही. आणि सगळे अंक मिळवून ज्याने अश्रू ढाळले, त्याला वर्षभरातच सुपरमॅन परत आलेला दिसला. कलेची कमाल आणि धंद्याची लबाडी एकाच ठिकाणी. 1973 साली स्पायडरमॅनच्या प्रेयसीचा, ग्वेनचा, मृत्यू झाला तेव्हा वाचक हादरला, कारण मेलेलं माणूस परत येतं हे त्याला अजून शिकवलं गेलं नव्हतं. त्याच स्पायडरमॅनची 1962 ची पहिली गोष्ट अवघ्या 11 पानांची आहे. शक्ती मिळालेला उर्मट पोरगा चोराला जाऊ देतो, तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. सुरुवात, अपराध, शिक्षा, सगळं अकरा पानांत. पुढच्या साठ वर्षांतले शेकडो अंक त्या अकरा पानांच्या व्याजावर जगले.

2004 साली त्या स्पायडरमॅनचा मुंबईतला अवतार आला, पवित्र प्रभाकर. काका भीम, काकू माया, आणि पोशाखात धोतर. चार अंकांत खेळ आटोपला. साचा अमेरिकी आणि नावं आपली, एवढ्यावर नायक उभा राहत नाही. गल्लीतल्या माणसाला कशाची भीती वाटते, तो कुणापुढे वाकतो, हे त्या पानांत फारसं नव्हतं.

मग मराठीचं काय? मराठी वाचकाला दर महिन्याला नायक हवा असतो, हे बाबुराव अर्नाळकरांनी केव्हाच सिद्ध केलं. झुंजार, काळापहाड, धनंजय यांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या, आणि त्यातली कुठलीही पुस्तिका कुठूनही उचलून वाचता येते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर सायकलवर बसूनच नायक झाला. चित्रकारांची वाण कधीच नव्हती. मुळीक होते, कृष्णाच्या अंकापासून ‘अमर चित्रकथे’ला रूप देणारे राम वाईरकर होते, शिकारी शंभू रेखाटणारे वसंत हळबे होते. लेखक होते, हात होते, वाचक होता. नव्हता तो एवढ्या तिघांना एका टेबलाशी बसवणारा मराठी प्रकाशक. रंगीत छपाईचा खर्च हे खरं कारण आहे. अनेक भाषांत निघणाऱ्या मालिकेत रंगांच्या प्लेटा त्याच राहतात, मजकुराची काळी प्लेट तेवढी बदलते, आणि खर्च सगळ्या भाषांत वाटला जातो. एकट्या मराठीला तो एकटीने सोसावा लागतो. पण काळ्यापांढऱ्यातही जगभर उत्तम कॉमिक्स निघालेली आहेत, तेव्हा खर्चाचं कारण सांगून इतकी वर्षं स्वस्थ बसणं मला पटत नाही.

आपल्या भागाला तर चित्रातून गोष्ट सांगण्याचा वारसा शिकायला दूर जावं लागत नाही. उमापूरहून पैठण लांब नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पैठण शैलीच्या चित्रांचा संग्रह पुण्यात केळकर संग्रहालयात आहे. मोठ्या पानावर एकच प्रसंग, दोन्ही बाजूंना चित्र, ठसठशीत काळी बाह्यरेषा, टपोरे डोळे, समोरासमोर ठाकलेले योद्धे. चित्रकथी गावोगाव फिरत ही पानं लोकांपुढे धरायचा आणि कथा गायचा. आज इथे, उद्या पुढच्या गावात. त्याचा श्रोता पुढच्या महिन्यात भेटेलच याची खात्री त्यालाही नव्हती, म्हणून त्याच्या प्रत्येक पानाला जागच्या जागी पकड घ्यावी लागे. दूरवरून दिसणारी ती जाड रेघ आणि मुळीकांच्या ब्रशची जाड रेघ यांत नातं आहे की नाही हे अभ्यासकांनी सांगावं. मला ती दोन्ही शेजारी ठेवून पाहताना एकाच कुळातली वाटतात.

बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं आहे आणि स्वस्त किमतीत खेड्यांतल्या शाळांपर्यंत जातं. मराठी मासिक नायकाची सुरुवात करायला त्याहून योग्य जागा मला दिसत नाही. दरमहा आठ पानं, काळ्यापांढऱ्यात, एक लेखक आणि एक चित्रकार वर्षभर तेच, आणि संपादकाची अट एकच: ‘क्रमशः’ छापायचं नाही.