प्रयोगशाळेतील आकडा आणि रुग्णाचे आयुष्य : पित्तप्रवाहाच्या विकारांवरील औषध-संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

'पित्त झाले' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला बहुधा जठरातील आम्लाचा त्रास अभिप्रेत असतो. आयुर्वेदातील पित्त ही त्रिदोषांपैकी एक संकल्पना आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रातील पित्त या दोहोंपेक्षा वेगळे आहे. यकृताच्या पेशींत तयार होऊन सूक्ष्म नलिकांच्या जाळ्यातून पित्ताशयात व पुढे लहान आतड्यात जाणारा तो एक द्रव आहे. स्निग्ध पदार्थांच्या पचनास तो साहाय्य करतो आणि बिलिरुबिनसारखी त्याज्य द्रव्ये शरीराबाहेर नेतो. त्याचा प्रवाह मंदावला किंवा अडला, तर पित्ताम्ले यकृतातच साचतात. ती मूलतः साबणासारखी द्रव्ये असल्याने पेशींच्या आवरणांना इजा करतात. अंगाला असह्य खाज, थकवा, कावीळ, यकृताची तंतुमयता आणि अखेरीस सिरॉसिस असा हा क्रम अनेक वर्षे चालतो.

या विकारांवरील औषधांचे संशोधन गेल्या चार दशकांत बरेच पुढे गेले आहे. परंतु त्या संशोधनाने ज्या पुराव्याच्या आधारे औषधांना मान्यता मिळवून दिली, त्या पुराव्याच्या स्वरूपाविषयी गंभीर प्रश्न उपस्थित झाले आहेत. औषधाने रक्ततपासणीतील आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, असे मानता येते काय? प्रस्तुत लेखात तीन पित्तविकारांवरील प्रमुख वैद्यकीय चाचण्यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. संख्याशास्त्र, विज्ञानाचे तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि नीतिशास्त्र या सर्वांचा त्याच्याशी संबंध आहे.

अस्वलाच्या पित्तापासून औषधापर्यंत

अस्वलाचे पित्त हे चिनी परंपरेतील जुने औषध. जपानमधील ओकायामा येथील संशोधक शोदा यांनी 1927 मध्ये अस्वलाच्या पित्तातून एक पित्ताम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. अस्वलाच्या लॅटिन नावावरून त्यास अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल ही संज्ञा मिळाली. पुढे ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागले आणि 1970 च्या दशकात कोलेस्टेरॉलयुक्त पित्तखडे विरघळविण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. हे आम्ल इतर पित्ताम्लांच्या तुलनेत सौम्य व जलस्नेही आहे. ते पेशींना कमी इजा करते आणि पित्तस्रावास चालना देते.

'प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस' या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा यकृतातील लहान पित्तनलिकांवरच आघात करते. रुग्णांमध्ये बहुसंख्य स्त्रिया असतात. या विकारावर अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाचा उपयोग होऊ शकतो, असे फ्रान्समधील पूपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 15 रुग्णांच्या छोट्या अभ्यासातून सुचविले. त्यानंतर 1991 मध्ये 146 रुग्णांवरील दोन वर्षांच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फ्रान्स, कॅनडा व अमेरिका येथील तीन चाचण्यांतील 548 रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण 1997 मध्ये पुढे आले. त्यात, विशेषतः आजार मध्यम किंवा तीव्र अवस्थेत असलेल्या रुग्णांत, प्रत्यारोपणाविना आयुष्य लांबल्याचे दिसले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधास मान्यता दिली.

तथापि हे चित्रही सर्वमान्य नव्हते. कॉक्रेन समूहाच्या 2012 मधील आढाव्यात 16 चाचण्या व 1447 रुग्ण समाविष्ट होते. मृत्यू किंवा प्रत्यारोपण टळल्याचा निर्णायक पुरावा त्या आढाव्यास आढळला नाही. उलट 2019 मध्ये अनेक देशांतील 3902 रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात औषध घेणारे रुग्ण प्रत्यारोपणाविना अधिक काळ जगल्याचे दिसले. पहिला पुरावा यादृच्छिक पण अल्पकालीन चाचण्यांचा आहे, तर दुसरा दीर्घकालीन असला तरी निरीक्षणात्मक आहे. वीस वर्षे रेंगाळणाऱ्या आजाराची दोन वर्षांत परीक्षा घ्यावयाची, ही या क्षेत्राची मूळ अडचण येथे दिसते.

या अडचणीतूनच प्रतिनिधी-निर्देशकांची कल्पना बळावली. मृत्यू किंवा प्रत्यारोपणाची वाट पाहण्याऐवजी रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर आणि बिलिरुबिन यांचे प्रमाण मोजावे, अशी ही कल्पना आहे. 2014 मध्ये 4845 रुग्णांच्या नोंदींवरून असे दाखविण्यात आले की हे दोन्ही आकडे रुग्णाच्या भवितव्याचे भाकीत करतात. या निष्कर्षाविषयी फारसा वाद नाही. वाद त्यावरून काढलेल्या अनुमानाविषयी आहे. उंच आकडा वाईट भवितव्य सुचवितो, हे एक विधान झाले. औषधाने आकडा खाली आणला की भवितव्य बदलते, हे दुसरे विधान झाले. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

आकडा सुधारला, रुग्ण खालावला

या भेदाचे सर्वांत कठोर उदाहरण 'प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस' या विकारात सापडते. येथे मोठ्या पित्तनलिकाही अरुंद व कठीण होतात. नेहमीच्या मात्रेत अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाने रक्तातील आकडे सुधारत होते, मात्र आजाराच्या वाटचालीवर परिणाम दिसत नव्हता. मात्रा वाढविल्यास लाभ होईल, हा तर्क सहज सुचणारा होता. लिंडोर आणि सहकाऱ्यांनी 150 रुग्णांवर शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दररोज 28 ते 30 मिलिग्रॅम इतक्या उच्च मात्रेची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या गटात यकृताच्या रक्ततपासण्या निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटापेक्षा अधिक सुधारल्या. परंतु मृत्यू, प्रत्यारोपण, सिरॉसिस इत्यादी गंभीर परिणाम औषधाच्या गटात 39 टक्के, तर दुसऱ्या गटात 26 टक्के रुग्णांत घडले. प्रारंभीचे फरक विचारात घेतल्यावर हा धोका दुपटीहून अधिक ठरला आणि चाचणी थांबवावी लागली.

या चाचणीत केवळ रक्ताचे नमुने तपासले गेले असते, तर निष्कर्ष 'औषध यशस्वी' असा निघाला असता. रुग्णांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केल्यामुळेच सत्य उघड झाले.

दुसरे उदाहरण गरोदरपणातील पित्तावरोधाचे. या अवस्थेत मातेच्या रक्तात पित्ताम्ले वाढतात, तिला तीव्र खाज सुटते आणि गर्भाला धोका संभवतो. त्यावर अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल देण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली होती. इंग्लंड व वेल्समधील 33 प्रसूती विभागांत 605 स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. या चाचणीने थेट बाळाविषयी प्रश्न विचारला: अर्भकमृत्यू, मुदतपूर्व प्रसूती किंवा नवजात अतिदक्षता विभागात दाखल होणे यांपैकी काही घडले काय? औषधाच्या गटात हे प्रमाण 23 टक्के, तर निष्क्रिय गोळीच्या गटात 27 टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. मातेच्या खाजेतही किंचितच फरक पडला. रूढ झालेल्या उपचारालाही असा थेट प्रश्न विचारता येतो, हे या चाचणीचे महत्त्व होय.

ओबेटिकोलिक आम्लाची वाटचाल

प्रतिनिधी-निर्देशकांवरील विश्वासाची खरी कसोटी ओबेटिकोलिक आम्लाच्या बाबतीत लागली. यकृतपेशींच्या केंद्रकातील एक ग्राही प्रथिन पित्ताम्लांची निर्मिती व वहन नियंत्रित करते. हे कृत्रिम आम्ल त्या ग्राहीस नैसर्गिक पित्ताम्लापेक्षा सुमारे शंभरपट प्रभावीपणे उद्दीपित करते. यामागील जैवरसायनशास्त्र खरोखरच मोहक होते.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 216 रुग्णांना एक वर्ष उपचार देण्यात आले. अल्कलाइन फॉस्फेटेज ठरावीक पातळीखाली येणे व बिलिरुबिन सामान्य असणे, हा यशाचा निकष होता. औषधाच्या दोन गटांत 46 व 47 टक्के, तर निष्क्रिय गोळीच्या गटात 10 टक्के रुग्ण या निकषास उतरले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत या औषधास 'त्वरित मान्यता' मिळाली. प्रत्यक्ष लाभ पुढील चाचणीत सिद्ध करावा, अशी अट त्यासोबत होती.

याच चाचणीतील दुसरा आकडा मात्र कमी चर्चिला गेला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी 38 टक्के रुग्णांना खाजेचा त्रास झाला, तर 10 मिलिग्रॅम मात्रेच्या गटात हे प्रमाण 68 टक्के होते. खाज हे या आजाराचेच प्रमुख दुःख आहे. रुग्णास जे जाणवते ते वाढले आणि जे जाणवत नाही ते घटले, तरी निकषांच्या भाषेत हे यशच ठरले. खाजेची नोंद 'दुष्परिणाम' या रकान्यात झाली.

पुढील घटनाक्रम असा. सप्टेंबर 2017 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने यकृताच्या गंभीर इजेविषयी व मृत्यूंविषयी सूचना दिली. काही रुग्णांना अपेक्षेपेक्षा अधिक वारंवार मात्रा दिली गेल्याचे त्यात नमूद होते. 2018 मध्ये औषधावर ठळक इशारा छापला गेला आणि 2021 मध्ये बळावलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांत त्याचा वापर निषिद्ध ठरला. लाभ सिद्ध करण्यासाठी योजलेली 334 रुग्णांची दीर्घ चाचणी 2021 मध्ये मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. तिच्यात गंभीर परिणाम औषधाच्या गटात 28.6 टक्के व निष्क्रिय गोळीच्या गटात 28.9 टक्के रुग्णांत घडले. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेतील सल्लागार समितीने लाभ सिद्ध झाला नसल्याचे मत 13 विरुद्ध 1 असे नोंदविले. युरोपात त्याच वर्षी परवाना रद्द झाला. अखेर सप्टेंबर 2025 मध्ये उत्पादकाने प्रशासनाच्या विनंतीवरून अमेरिकेतील बाजारातूनही औषध मागे घेत असल्याचे जाहीर केले. मान्यता व माघार यांत नऊ वर्षांहून अधिक काळ गेला.

पूर्वपक्ष आणि त्याची मर्यादा

औषधाच्या बाजूनेही काही मुद्दे मांडले गेले आणि ते डावलण्याजोगे नाहीत. दीर्घ चाचणीत आजार अधिक बळावलेले रुग्ण होते. औषध बाजारात उपलब्ध झाल्याने निष्क्रिय गोळीच्या गटातील अनेकांनी चाचणी सोडली किंवा बाहेरून उपचार घेतले. खाज आणि रक्ततपासणीचे आकडे यांवरून कोणास औषध मिळत आहे याचा अंदाज येत होता. अन्य नोंदवह्यांतील रुग्णांशी तुलना केली असता औषध घेणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली दिसत होती. शिवाय रुग्णसंख्या मर्यादित, आजार संथ आणि पर्याय अल्प असताना कठोर पुराव्याचा आग्रह धरणे म्हणजे रुग्णांना उपचारांपासून वंचित ठेवणे होय, असा नैतिक युक्तिवादही होता.

परंतु यांतील पहिल्या मुद्द्यांचा नीट विचार केल्यास ते त्वरित मान्यतेच्या व्यवस्थेवरच बोट ठेवतात. लाभ नंतर सिद्ध करण्याच्या अटीवर औषध बाजारात आले आणि ते बाजारात आल्यामुळेच लाभ सिद्ध करणारी चाचणी दुबळी झाली. ज्या औषधास शासकीय मान्यता मिळाली आहे, त्याच्या चाचणीत निष्क्रिय गोळी घेत वर्षानुवर्षे कोण राहील? ही त्रुटी अनपेक्षित नव्हती. ती अटीच्या रचनेतच अंतर्भूत होती. नोंदवह्यांशी केलेली तुलना यादृच्छिक विभागणीची जागा घेऊ शकत नाही, कारण औषध कोणास दिले गेले आणि का, हा प्रश्न तिच्यात शिल्लक राहतो. उरला नैतिक युक्तिवाद. उपचारांची निकड खरी आहे. तथापि निकड जितकी मोठी, तितकीच निरुपयोगी किंवा घातक औषधाची किंमतही मोठी असते आणि ती रुग्णासच चुकवावी लागते.

2024 मध्ये एलाफिब्रॅनॉर व सेलाडेल्पार या दोन नव्या औषधांना अमेरिकेत याच पद्धतीने मान्यता मिळाली. प्रमुख निकष पुन्हा अल्कलाइन फॉस्फेटेज व बिलिरुबिन हेच होते. सेलाडेल्पारच्या चाचणीत खाज कमी झाल्याचेही दिसले, ही रुग्णाच्या दृष्टीने स्वागतार्ह बाब आहे. ओबेटिकोलिक आम्ल फसले म्हणून ही औषधेही फसतील असे म्हणता येत नाही; त्यांची क्रियापद्धती भिन्न आहे. मात्र आयुष्य लांबते किंवा प्रत्यारोपण टळते, हे आकड्यांवरून गृहीत धरण्याची चूक पुन्हा होऊ नये.

समारोप

उपरोक्त उदाहरणांवरून प्रतिनिधी-निर्देशक त्याज्य आहेत असा निष्कर्ष निघत नाही. कोणते औषध पुढील चाचणीस पात्र आहे हे ठरविण्यासाठी ते उपयुक्तच आहेत. मात्र त्यांचा वापर अंतिम निर्णयासाठी करावयाचा असल्यास तीन पथ्ये आवश्यक दिसतात. लाभ सिद्ध करणारी चाचणी मान्यतेपूर्वीच सुरू होऊन तिच्यातील रुग्णांची नोंदणी पूर्ण झालेली असावी. खाज व थकवा यांसारख्या रुग्णास जाणवणाऱ्या लक्षणांना मुख्य निकषांत स्थान असावे. आणि ठरलेल्या मुदतीत पुरावा न मिळाल्यास मान्यता आपोआप संपुष्टात यावी.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या प्रकरणाचे मोल मोठे आहे. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे संख्याशास्त्राच्या वर्गात दरवर्षी सांगितले जाते आणि उदाहरणे बहुधा गमतीची असतात. 2009 ची 150 रुग्णांची चाचणी हे त्याच सूत्राचे असे उदाहरण आहे की, ज्यात ते विसरण्याची किंमत यकृताच्या तपासण्या सुधारत असलेल्या रुग्णांनी आपल्या आयुष्याने मोजली.