खानदेशांतील भिल्लांशीं झालेली बोलणीं : छापील साधनांचें परीक्षण

[१] नंदुरबार, सुलतानपूर, तळोदें व अक्राणी या मुलुखांतील भिल्लांशीं कंपनी सरकारनें इ. स. १८१८ नंतर कधीं युद्ध केलें व कधीं बोलणें लाविलें. त्याची हकीकत अभ्यासकांस बहुधा तीन इंग्रजी ग्रंथांतून मिळते. पहिला, कॅप्टन ग्रॅहम यांचा खानदेशच्या भिल्लांविषयींचा वृत्तान्त; हा मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांत १८५६ सालीं छापला. दुसरा, कॅम्बेल यांनीं संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचा खानदेशविषयक बारावा खंड, १८८०. तिसरा, सिमकॉक्स यांचा खानदेश भिल्ल पलटणीचा इतिहास, १९१२. तिन्ही ग्रंथ एकमेकांस दुजोरा देतात, म्हणून हकीकत सिद्ध झाली असें मानण्याची चाल पडली आहे. ही चाल आम्हांस मान्य नाहीं. ग्रॅहम स्वतः भिल्ल एजन्सीचे अधिकारी. गॅझेटियरकारांनीं त्यांचा आधार घेतला. सिमकॉक्स हेही सरकारी सेवेंतले. साक्षी तीन दिसतात, पण त्या एकाच पक्षाच्या आहेत. तह म्हटला कीं पक्ष दोन असावयाचे.

[२] गॅझेटियराचे गुण प्रथम सांगणें न्यायाचें होईल. पुंडाव्याचीं कारणें त्यांत दडविलेलीं नाहींत. यशवंतराव होळकरांच्या १८०२ च्या धामधुमींत खानदेश उजाड झाला आणि त्यामागोमाग दुष्काळ पडला. घाटांची राखण करून नाइकांस जे हक्क मिळत, ते देणारा कोणी उरला नाहीं. पेशव्यांचे सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनीं कोपरगांवीं भिल्लांस विश्वासानें बोलावून घात केला व त्यांस विहिरींत लोटलें, हेंही इंग्रजी साधनांत नमूद आहे. आपल्याकडील कांहीं लेखकांस हें प्रकरण अप्रिय वाटतें व ते त्यास बगल देतात. इतिहासास असा संकोच परवडत नाहीं. वचन देऊन बोलाविलेल्या माणसास जेथें मारलें, तेथें पुढील सरकारच्या कौलावर कोणी कां विश्वास ठेवावा? १८१८ ते १८२५ पर्यंत शिक्षा आणि क्षमा आळीपाळीनें करूनही शांतता टिकली नाहीं, याचें एक मूळ येथें शोधलें पाहिजे.

[३] आतां दोष. १८२५ सालीं एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असतां खानदेशांत तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. पैकीं वायव्येकडील एजन्सींत नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर व डांग हा मुलूख होता. त्याच वर्षीं लेफ्टनंट औट्राम यांनीं भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. येथपासून ग्रंथांचा सूर पालटतो. औट्राम भिल्लांत निःशस्त्र वावरले, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, आणि त्यांचीं मनें जिंकलीं, असा हा कथाभाग आहे. औट्राम यांचें धैर्य आम्हांस अमान्य नाहीं. परंतु एका पुरुषाच्या धैर्यानें एक प्रान्त शांत झाला, हें चरित्रकारास शोभतें, इतिहासकारास नाहीं. त्याच पानांतून दुसऱ्या गोष्टीही दिसतात : मागील गुन्ह्यांस माफी, नाइकांस नेमणुका, गांवोगांवच्या हक्कांची चौकशी, जमीन कसण्यास बैल व तगाई, आणि पलटणींत नियमित पगार. या अटी होत. त्या भिल्लांनीं मागितल्या म्हणून मिळाल्या, कीं सरकारनें आपण होऊन दिल्या? गॅझेटियर अटींचा सारांश देतें, कौलाचे शब्द देत नाहीं. त्यामुळें जो करार होता तो वाचकास केवळ अनुग्रह दिसतो.

[४] शब्दांस एवढें महत्त्व कां, हें जवळच्याच एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. जून १८१८ त मालेगांवच्या किल्ल्यांतील अरब शरण आले. त्यांस दिलेला करार मराठींत लिहिला होता, आणि मुनशीच्या लेखणींतून इंग्रज सेनापतीच्या मनांत होतें त्याहून अधिक उदार वचन उतरलें. पुढें वाद पडला, तेव्हां एल्फिन्स्टन यांनीं अरबांस अनुकूल असाच अर्थ धरला. म्हणजे मराठी कागदावरील एका वाक्यानें शेंकडों माणसांची सुटका झाली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत थाळनेरास दरवाजावर बोलणें चाललें असतां घोटाळा उडाला, चकमक झाली, आणि शिबंदीची कत्तल होऊन किल्लेदारास फांशीं दिलें. दोन किल्ले, एकच प्रान्त, चार महिन्यांचें अंतर! एके ठिकाणीं लेखी शब्द होता, दुसऱ्या ठिकाणीं नव्हता.

[५] नंदुरबारच्या पश्चिमेस प्रश्न अधिक नाजूक आहे. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली व नवलपूर या सहा मेवासी संस्थानांचा कारभार कलेक्टर हे पोलिटिकल एजंट या नात्यानें पाहत. म्हणजे मेवासींशीं वागणूक परराज्याप्रमाणें, तर लगतच्या सुलतानपुरांतील भिल्ल हे कंपनीची प्रजा व फौजदारीचे आरोपी. एकच कृत्य एका कांठावर ‘संस्थानिकाचा बेबनाव’ आणि दुसऱ्या कांठावर ‘दरोडा’ ठरे. ‘पुंड’, ‘लुटारू’, ‘दहशत’ हे शब्द ज्या कागदांत येतात, तेथें तो कागद कोणत्या कचेरींतून निघाला हें आधीं पाहिलें पाहिजे. कागदाच्या शिक्क्यावरून माणसाची जात ठरविणें ही संशोधनाची रीत नव्हे. आम्ही दहशत नव्हतीच असें म्हणत नाहीं. सपाटीवरील कुणब्याचें जळालेलें खळें व ओस पडलेलें गांव हेंही खरेंच आहे, आणि त्याची दाद घेणें कोणत्याही सरकारचें कर्तव्यच होतें. प्रश्न एवढाच कीं, शांतता तरवारीनें आली कीं वचनानें, व वचन कोणी पाळलें.

[६] या प्रश्नाचें उत्तर १८५७ सालीं अंशतः मिळतें. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाजा नाईक सरकारी नोकर होता. तो बडतर्फ झाला, कैदेंत पडला, आणि सुटल्यावर पुन्हां कामावर घेतला असतांही उठावांत सामील झाला. ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणी येथें मोठी लढाई झाली. इंग्रजी ग्रंथ यास कृतघ्नपणा म्हणतात. आम्हांस त्यांत घाटराखणीच्या जुन्या कराराचा तुटलेला धागा दिसतो. पलटण मात्र सरकारशीं एकनिष्ठ राहिली व १८९१ सालीं पोलिसांत विलीन झाली. एकाच जमातींतील हे दोन मार्ग ‘स्वभाव’ या शब्दानें उलगडत नाहींत. कोणास काय वचन होतें व तें किती पाळलें गेलें, यानेंच उलगडतील.

[७] म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. नंदुरबार हा १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा झाला आहे. तेथील देशमुख, देशपांडे व पाटील यांच्या घरीं मोडी रुमाल असल्यास, त्यांतील सनदा व वंशावळी तेवढ्या उचलून किरकोळ यादी टाकून देऊं नयेत. गिरासाच्या यादी, घाटराखणीचा हिशेब, नाइकास दिलेल्या पागोट्याचा खर्च, तगाईचे कतबे, ह्याच चिटोऱ्यांत तहाचा दुसरा पक्ष बोलतो. मेवासी घराण्यांतील वृद्धांच्या तोंडच्या हकीकतीही देहवली व पावरी बोलींत, त्यांच्याच शब्दांत, टिपून ठेवाव्या. धुळ्यास १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ या प्रान्ताच्या साधनांची जोपासना करीत आलें आहे. तेव्हां ठेवावें कोठें ही अडचण नाहीं. गॅझेटियर आम्ही त्याज्य मानीत नाहीं. तें एका पक्षाचें निवेदन म्हणून जपून वाचावें. दुसऱ्या पक्षाचें निवेदन दप्तरांत दाखल होईपर्यंत या खटल्याचा निकाल लागला असें कोणीं लिहूं नये.