'देव मानतो, पण चर्चचा नाही': एका गाजलेल्या सूत्राची तपासणी

धर्माच्या समाजशास्त्रात पीएचडी करायचं मनात असेल, तर ग्रेस डेव्ही हे नाव तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या धर्मावर त्यांचं पुस्तक १९९४ साली आलं. त्याच्या उपशीर्षकातलं सूत्र मराठीत सांगायचं तर 'देव मानतो, पण चर्चचा नाही'. रविवारी चर्चला जाणारे झपाट्याने घटले, पण देव आहे असं सांगणारे त्या मानाने टिकून राहिले. म्हणजे श्रद्धा आटली नाही, संस्था आटली, असा त्यांचा निष्कर्ष. त्याला जोड म्हणून त्यांनी दाखवलं की त्याच काळात राजकीय पक्षांचे आणि कामगार संघटनांचे सभासदही कमी झाले. लोकांना एकूणच कशाचं सभासद व्हायला नको होतं, त्यात चर्चही आलं.

सूत्र सुटसुटीत आहे, आणि धोका तिथेच आहे. सिनॉप्सिसमध्ये ते इतक्या सहज बसतं की ते सिद्ध करायचं राहून जातं.

२००५ साली डेव्हिड व्होआस आणि अलस्डेअर क्रॉकेट यांनी ते आकड्यांवर घासून पाहिलं. त्यांच्या लेखाचं शीर्षकच टोमणा मारणारं होतं: 'देवही मानत नाही आणि चर्चचाही नाही'. मोठ्या सर्व्हेंच्या डेटावरून त्यांनी मांडलं की श्रद्धा, ओळख आणि चर्चला जाणं या तिन्ही गोष्टी जवळपास एकाच वेगाने उतरत आहेत. माणूस वय वाढलं म्हणून श्रद्धा सोडतो असं फारसं होत नाही, पुढची पिढीच कमी श्रद्धा घेऊन येते. आईवडील दोघं धार्मिक असतील तर मूल धार्मिक होण्याची शक्यता साधारण निम्मी, दोघांपैकी एकच असेल तर त्याच्याही निम्मी. दोघं धार्मिक नसतील तर मात्र तो वारसा जवळजवळ पूर्ण उतरतो. माझ्या मते डेव्हींच्या मांडणीला हा सर्वात जड धक्का आहे, कारण तो वेगळं मत मांडून थांबत नाही, घसरण कशी होते ती यंत्रणा दाखवतो. शिवाय 'देव असेल बुवा' एवढं म्हणणाऱ्याला श्रद्धावान धरायचं का, हाही त्यांचा प्रश्न रास्त आहे.

पण मग जनगणनेचं काय? इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत धर्म पहिल्यांदा विचारला गेला तो २००१ साली, आणि ७१.७ टक्के लोकांनी 'ख्रिस्ती' असं लिहिलं. २०११ मध्ये ५९.३, २०२१ मध्ये ४६.२. इथे जरा थांबा. जनगणनेचा प्रश्न होता 'तुमचा धर्म कोणता?'. ब्रिटनच्या सामाजिक दृष्टिकोन सर्व्हेत विचारतात 'तुम्ही स्वतःला एखाद्या धर्माचे समजता का?'. पहिला प्रश्न धर्म आहे असं धरूनच चालतो, दुसरा 'नाही' म्हणायला दार उघडं ठेवतो. २०१६ च्या सर्व्हेत ५३ टक्के लोकांनी कुठलाच धर्म नाही असं सांगितलं, आणि त्यानंतर पाच वर्षांनी झालेल्या जनगणनेत हेच उत्तर देणारे होते फक्त ३७.२ टक्के. पाच वर्षांत देश पुन्हा धार्मिक झाला असं कोणी म्हणणार नाही. फरकाचा मोठा भाग प्रश्नातच आहे.

ॲबी डे यांचं काम मला म्हणूनच सर्वात शिकण्यासारखं वाटतं. जनगणनेत 'ख्रिस्ती' लिहिणारे पण चर्चकडे न फिरकणारे लोक नेमके कोण, हा त्यांचा प्रश्न. उत्तर इंग्लंडमध्ये मुलाखती घेताना त्यांनी धर्म हा शब्द मुद्दाम टाळला आणि नुसतं विचारलं, 'तुमचा कशावर विश्वास आहे?' उत्तरं आली ती घरच्यांवर, मित्रांवर, गेलेल्या माणसांच्या सोबतीवर. 'ख्रिस्ती' हा शब्द अनेकांसाठी 'मी इथला, या घराण्यातला' एवढंच सांगणारा होता. म्हणजे डेव्हींचं सूत्र उलटं झालं: माणसं चर्चची नाहीत, देवाचीही फारशी नाहीत, पण आपण कुणाचे तरी आहोत यावर त्यांचा विश्वास आहे. मुलाखती थोड्या, प्रदेश एक, ही मर्यादा आहेच. तरी एका साध्या प्रश्नाने जे हाती लागलं ते हजारो फॉर्मांतून लागलं नव्हतं.

आता आपल्याकडे या. वसई किंवा अहमदनगरच्या ख्रिस्ती समाजावर काम करायचं ठरवून तुम्ही डेव्हींचं सूत्र जसंच्या तसं उचललंत, तर पहिल्याच पायरीवर अडकाल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती होते सुमारे १०.८ लाख, एक टक्क्याहूनही कमी. हा आकडा घेण्याआधी १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश वाचा. त्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना आजही नाही. जनगणनेच्या नियमांतही एकच माणूस अनुसूचित जातीचा आणि ख्रिस्ती असा नोंदवता येत नाही.

मग जो माणूस दर रविवारी उपासनेला बसतो, पण मुलाची शिष्यवृत्ती जाऊ नये म्हणून कागदावर हिंदू राहतो, त्याला कुठे टाकाल? तो देव मानतो, चर्चचाही आहे, फक्त सरकारी कागदात तो चर्चचा नाही. ब्रिटनमध्ये 'ख्रिस्ती' लिहायला काही पडत नाही, म्हणून न जाणारेही ते लिहितात. इथे ते लिहिण्याची किंमत आहे, म्हणून जाणारेही ते टाळू शकतात. दोन्हीकडे रकाना एकच, अर्थ मात्र उलटे. शहरी इंग्लंडमध्ये घडलेलं सूत्र इथे लावताना ही किंमत हिशोबात धरली नाही, तर जिथे भीती आहे तिथे तुम्ही 'श्रद्धेचा ऱ्हास' लिहून मोकळे व्हाल.

त्यात नैतिक अडचणही आहे, आणि ती पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत उरकू नका. अशा कुटुंबाची मुलाखत तुम्ही गावाच्या नावासकट छापलीत, तर त्यांचा जातीचा दाखला अडचणीत येऊ शकतो. प्रश्नावलीत 'धर्म' हा रकाना पहिल्या पानावर हवाच का, याचा विचार गाईडकडे जाण्याआधी करा. डे यांनी तो शब्द टाळला तो उत्तरं मोकळी यावीत म्हणून. तुम्हाला तो टाळावा लागेल तो समोरच्या माणसाचं नुकसान होऊ नये म्हणून.