कॅनडातील वास्तुवारसा आणि नगरविकास : ‘समतोल’ या कल्पनेची चिकित्सा

जुन्या वास्तूंचे जतन आणि शहरांची वाढ यांत समतोल साधला पाहिजे, हे विधान नगररचनेच्या चर्चेत इतक्या वेळा केले जाते की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. समतोल म्हटला की तराजू आला. आणि तराजू आला की दोन्ही पारड्यांतील वस्तूंना लागू पडेल असे एकच माप गृहीत धरावे लागते. नव्या इमारतीच्या चटई क्षेत्राला बाजारभाव असतो. शंभर वर्षांच्या दगडी इमारतीमुळे रस्त्याला लाभलेले रूप, किंवा तिच्या आश्रयाने चालत आलेले जीवन, यांना तसा भाव नसतो. तेव्हा तोलावयाचे कशाने, हा मूळ प्रश्न आहे. या प्रश्नाच्या दृष्टीने कॅनडातील शहरांचा १९६० नंतरचा अनुभव उद्बोधक ठरतो. टोरांटो, व्हँकुव्हर आणि मॉन्ट्रियल या तीन शहरांतील काही प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली असता असे दिसते की, समतोल म्हणून जे सांगितले गेले ते पुष्कळदा सौद्याचे दुसरे नाव होते. आणि जेथे जतन पूर्णत्वास गेले, तेथे वास्तूच्या मालकीचा व वापराचा प्रश्न आधी सोडविला गेला होता.

१

प्रथम कायद्याची चौकट ध्यानात घेतली पाहिजे. १८६७ च्या संविधान कायद्यान्वये मालमत्ता व नागरी हक्क हे विषय प्रांतांच्या अखत्यारीत येतात. केंद्र सरकारचे ऐतिहासिक स्थळे व स्मारके मंडळ १९१९ पासून अस्तित्वात आहे. परंतु ‘राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ’ ही मान्यता म्हणजे केवळ बहुमान होय. खाजगी मालकीची इमारत पाडली जात असता ती मान्यता मालकाचा हात धरू शकत नाही. संरक्षणाचा भार त्यामुळे प्रांतिक कायद्यांवर आणि नगरपालिकांवर पडतो.

ऑन्टारिओ प्रांताचा वारसा कायदा १९७५ मध्ये झाला. या कायद्याने नगरपालिकेस एखादी इमारत वारसा म्हणून घोषित करण्याचा अधिकार दिला. पण पाडकामास नकार दिल्यावर त्या नकाराचे आयुष्य अवघे १८० दिवसांचे असे. मुदत संपली की मालक मोकळा. हा अधिकार थांबविण्याचा नव्हता, थांबून विचार करावयास लावण्याचा होता. पाडकाम कायमचे नाकारण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. पुढे २०२२ मध्ये उलट दिशेने पाऊल पडले. नोंदवहीत केवळ नमूद असलेल्या, परंतु विधिपूर्वक घोषित न झालेल्या इमारती दोन वर्षांच्या आत घोषित कराव्यात, अन्यथा त्यांची नोंद रद्द व्हावी, असा नियम गृहबांधणीस वेग देण्याच्या हेतूने करण्यात आला. २०२४ मध्ये ही मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली.

कायद्याइतकाच पैशाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतींच्या प्रमाणित दुरुस्तीसाठी खर्चाच्या २० टक्के करसवलत केंद्रीय पातळीवर मिळते. कॅनडात व्यापारी वारसावास्तूंसाठी २००३ मध्ये सुरू झालेला केंद्रीय साहाय्यनिधी २००६ मध्येच गुंडाळण्यात आला. ज्या शासनाला जतन हवे आहे, परंतु त्याचे मोल स्वतः द्यावयाचे नाही, त्याला ते मोल दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल करणे भाग पडते. कॅनडातील नगरपालिकांनी ते अधिक उंचीच्या, म्हणजेच अधिक चटई क्षेत्राच्या रूपाने दिले. पुढील बहुतेक गुंतागुंत या एका गोष्टीतून उद्भवली आहे.

२

टोरांटोचे जुने नगरभवन ई. जे. लेनॉक्स या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार बांधले गेले व १८९९ मध्ये खुले झाले. १९६० नंतरच्या दशकात ईटन सेंटर या प्रचंड व्यापारी संकुलाच्या योजनेत ते पाडून केवळ त्याचा मनोरा शिल्लक ठेवण्याचा विचार पुढे आला होता. नागरिकांच्या विरोधामुळे ते वाचले. वारसा कायदा तेव्हा झालाही नव्हता. मनोरा तेवढा ठेवून बाकी इमारत पाडावी ही कल्पना त्या वेळी नागरिकांना असह्य वाटली. पुढील काळात मात्र तिचेच एक रूप प्रतिष्ठित झाले. दर्शनी भिंत राखावी आणि तिच्यामागे मनोरा उभारावा, हे ते रूप होय.

ॲडलेड मार्गावरील १९२८ सालची कॉन्कोर्स इमारत हे याचे बोलके उदाहरण आहे. ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या ख्यातनाम चित्रकारगटातील जे. ई. एच. मॅक्डोनल्ड यांनी तिचे प्रवेशद्वार सजविले होते. सोळा मजल्यांची ही इमारत उतरविण्यात आली; तिच्या दर्शनी भिंतींचे भाग सुटे करून पुन्हा जोडण्यात आले, आणि त्यांच्यामागे चाळीस मजल्यांचा मनोरा २०१७ मध्ये पूर्ण झाला.

या व्यवहाराचे परीक्षण करण्यासाठी बाहेरचा निकष आणण्याची आवश्यकता नाही. कॅनडातील ऐतिहासिक स्थळांच्या जतनासाठी केंद्र, प्रांत व प्रदेश यांच्या सहकार्याने तयार झालेली मानके २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१० मध्ये त्यांची सुधारलेली आवृत्ती निघाली. ऐतिहासिक वास्तूला जोडावयाचे नवे बांधकाम तिच्याशी सुसंगत असावे, तिच्यापेक्षा गौण असावे आणि तिच्यापासून वेगळे ओळखू यावे, असे त्यांत सांगितले आहे. यांतील ‘गौण’ हा शब्द निर्णायक आहे. सोळा मजल्यांच्या इमारतीची कातडी चाळीस मजल्यांच्या देहावर चढविली असता गौण कोण आणि प्रधान कोण, हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

दर्शनी जतनाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो. पादचाऱ्याला दिसते ती भिंतच. ती राहिली म्हणजे रस्त्याचे प्रमाण व पोत राहिले, असे म्हटले जाते. यात काही तथ्य आहे. परंतु हा युक्तिवाद रस्त्याच्या जतनाचा आहे, वास्तूचा नव्हे. वास्तू म्हणजे आतील अवकाशांची रचना, जिने, प्रकाश, बांधणीची पद्धत आणि या सर्वांनी शक्य केलेला वापर. ते सर्व काढून टाकल्यावर उरते ती वास्तूची आठवण. आठवण जपणे गैर नाही. पण तिला वास्तूचे जतन म्हटले की, पुढच्या वास्तूसाठी मागावयाची किंमत आपोआप कमी होते.

३

व्हँकुव्हरने अधिक चतुर मार्ग काढला. तेथील १८९५ सालचे ख्राइस्ट चर्च कॅथीड्रल शहराच्या मध्यवर्ती भागात आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत स्वतः चर्चनेच ते पाडून आर्थर एरिक्सन या विख्यात वास्तुकाराकडून नवे संकुल उभारण्याचा बेत केला होता. लोकमत विरोधी गेले. अखेरीस चर्चच्या भूखंडावरील न वापरलेले चटई क्षेत्र शेजारच्या भूखंडाकडे हस्तांतरित करण्यात आले व त्यातून १९८४ मध्ये ३५ मजल्यांची ‘पार्क प्लेस’ ही इमारत उभी राहिली. चर्चला उत्पन्न मिळाले, शहराला चर्च मिळाले, आणि विकासकाला मजले मिळाले. चर्चची भिंतच नव्हे, तर उपासनाही टिकली. या प्रकरणापुरते पाहिल्यास योजना यशस्वी झाली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु एका भूखंडापुरती योग्य असलेली युक्ती धोरण बनल्यावर तिचा स्वभाव पालटतो. हस्तांतरणीय क्षेत्र हे एक प्रकारचे चलन आहे, आणि चलन नगरपालिकाच छापते. जतनासाठी दिलेले क्षेत्र खपण्यापेक्षा अधिक वेगाने साठत गेले, तेव्हा २००७ मध्ये नवे क्षेत्र निर्माण करणे व्हँकुव्हरला स्थगित करावे लागले. म्हणजे वास्तू वाचेल की नाही, हे तिच्या गुणांवर न ठरता दुसऱ्या भूखंडावरील मनोऱ्याला गिऱ्हाईक आहे की नाही यावर ठरू लागते. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीतही हस्तांतरणीय विकास हक्कांची तरतूद असल्यामुळे हा अनुभव मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही.

याच शहरातील दुसरी एक घटना या संदर्भात विसरता येत नाही. १९६७ च्या सुमारास चायनाटाउनमधून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाची योजना जनक्षोभामुळे बारगळली, आणि १९७१ मध्ये चायनाटाउन व गॅसटाउन या दोन्ही भागांना प्रांताने ऐतिहासिक दर्जा दिला. पण त्या योजनेचा जो एक तुकडा प्रत्यक्षात आला, त्या १९७२ मध्ये खुल्या झालेल्या उड्डाणपुलांखाली हॉगन्स ॲली ही कृष्णवर्णीयांची वस्ती नाहीशी झाली. तेथील घरे साधी होती. वास्तुशिल्पाच्या कोणत्याही सूचीत ती बसली नसती. ज्यांच्याकडे हस्तांतरित करण्यासारखे चटई क्षेत्र नाही आणि नमुनेदार कमानीही नाहीत, त्यांचा वारसा या तराजूवर चढतच नाही.

४

मॉन्ट्रियलमधील चळवळीचा प्रारंभ एका पराभवाने झाला. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष विल्यम व्हॅन हॉर्न यांची शेरब्रुक मार्गावरील हवेली १९७३ मध्ये पाडण्यात आली. क्वेबेकचा सांस्कृतिक मालमत्ता कायदा त्याच्या आदल्याच वर्षी संमत झाला होता. तो उपयोगी पडला नाही. या आघातातून त्याच वर्षी ‘सोव्हॉं मोंरेआल’ ही संघटना आणि १९७५ मध्ये फिलिस लँबर्ट यांच्या पुढाकाराने ‘हेरिटेज मॉन्ट्रियल’ ही संस्था उभी राहिली.

यापेक्षाही महत्त्वाचे प्रकरण मिल्टन पार्कचे आहे. एका विकासकाने या भागातील जवळजवळ सर्व घरे विकत घेतली होती. योजनेच्या पहिल्या टप्प्यात कित्येक घरे पाडून उंच संकुल उभारण्यात आले. रहिवाशांनी दीर्घ लढा दिला. आणि १९८० च्या सुमारास उरलेली घरे केंद्रीय गृहनिर्माण संस्थेच्या साहाय्याने त्या विकासकाकडून घेण्यात येऊन सहकारी गृहसंस्थांकडे सोपविण्यात आली. जुन्या घरांची दुरुस्ती झाली आणि सुमारे सहाशे बिऱ्हाडे तेथेच राहिली. जमीन सट्ट्याच्या बाजारातून काढून घेण्यात आल्यामुळे तिच्या वाढत्या भावाने पुन्हा पाडकामाची मागणी करावी, अशी स्थितीच उरली नाही.

जतनामुळे घरांची टंचाई वाढते, हा आक्षेप हल्ली वारंवार घेतला जातो. २०२२ च्या ऑन्टारिओतील नियमामागेही तोच विचार होता. टंचाई खरी आहे आणि प्रत्येक जुनी भिंत पवित्र मानणाऱ्यांनी तिचा विचार केलाच पाहिजे. परंतु मिल्टन पार्कमध्ये जुनी इमारत आणि परवडणारे घर या एकाच वस्तूच्या दोन बाजू ठरल्या. विरोध तेथे जतन व निवास यांच्यात नव्हता. जमिनीचा भाव एका बाजूला आणि ही दोन्ही दुसऱ्या बाजूला, असा तो होता.

५

या सर्व विवेचनावरून अधिक चटई क्षेत्र देण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. ख्राइस्ट चर्च कॅथीड्रल आज उभे आहे ते तिच्यामुळेच. मात्र साधन आणि निकष यांची गल्लत होता कामा नये. काय राखावयाचे, त्यातील किती भाग गेल्यास राखले असे म्हणता येणार नाही, आणि तेथे राहणाऱ्यांचे काय होणार, हे प्रश्न क्षेत्राचा हिशेब मांडण्यापूर्वी सुटले पाहिजेत. कॅनडाच्या मानकांत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी आहेत. तिसऱ्याचे उत्तर मिल्टन पार्कच्या रहिवाशांनी दिले. ती उत्तरे बाजूला ठेवून जो समतोल साधला जातो, त्यात एका पारड्यात वास्तू असते आणि दुसऱ्या पारड्यात तिचीच किंमत. असे पारडे कोणत्या बाजूला झुकेल, हे तोलण्यापूर्वीच ठरलेले असते.