फिजी, अलिबाग आणि 'किती सुकट झालीस गं!'

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलात की होर्डिंग सुरू होतात. प्लॉट, व्हिला, वीकेंड होम. त्यातल्या बऱ्याच होर्डिंगवर एक बाई असते: उंच, सडपातळ, केस वाऱ्यावर, मागे समुद्र. ती काय विकतेय हे खाली बारीक अक्षरात. माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसचा पहिला मसुदा या बाईच्या जिवावर उभा होता. 'जाहिरातींचा किनारपट्टीवरील मुलींच्या शरीरप्रतिमेवर होणारा परिणाम'. शीर्षक भारदस्त आहे की नाही? गाइडनी एकच विचारलं, "परिणाम म्हणजे कशाच्या तुलनेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. या लेखात तो मसुदा का पडला ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी हाच विषय घेऊन बसलेलं असणार.

या विषयात शिरलात की पहिल्याच आठवड्यात तुमच्या हाती अ‍ॅन बेकर यांचा फिजीचा अभ्यास पडेल. फिजीतल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. बेकर यांनी त्याच वर्षी शाळकरी मुलींकडून ईएटी-२६ ही प्रश्नावली भरून घेतली आणि १९९८ मध्ये पुन्हा भरून घेतली. २००२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत निष्कर्ष आले: खाण्याच्या विकाराकडे झुकणारे गुण मिळालेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, नंतर ११.३ टक्के.

मी हे वाचून हुरळलेच. फिजीत समुद्र, इथे समुद्र. तिथे भरल्या अंगाचं कौतुक, इथेही तेच. कोळीवाड्यात चार महिन्यांनी गेलात तर पहिलं वाक्य "किती वाळलीस गं!" हेच असतं. म्हटलं, झालं, अलिबाग म्हणजे आपलं फिजी.

आता टक्के बाजूला ठेवा आणि मुली मोजा. १९९५ मध्ये ६३ मुली, १९९८ मध्ये ६५. म्हणजे १२.७ टक्के म्हणजे ८ मुली आणि २९.२ टक्के म्हणजे १९. शिवाय या त्याच मुली नव्हेत. दोन वेगळे गट आहेत. टीव्ही न आलेलं शेजारचं गाव तुलनेला घेतलेलं नाही. त्या तीन वर्षांत टीव्हीशिवाय आणखी काय काय बदललं असेल, ते या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. तरीही अभ्यास मोठा आहे, आणि माझ्या मते तो आकड्यांमुळे नाही. बेकर प्रश्नावलीवर थांबल्या नाहीत, मुलींशी बसून बोलल्या. उलटीचा आकडाही असा आहे की तो सवयीने किंवा रीतीने समजावता येत नाही. पण परीक्षेच्या पुस्तकांत या अभ्यासाचं 'टीव्ही आला आणि मुली आजारी पडल्या' असं जे एक वाक्य होतं, ते लिहू नका.

आणि आपल्याकडे तर 'टीव्ही येण्याआधी' हा काळच हातात नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि रायगड मुंबईच्या समोरच आहे. गाइडच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला.

दुसरा घोळ त्याहून मोठा. मी ईएटी-२६ मराठीत केली आणि रेवदंड्याच्या बाजूला ओळखीतल्या एका मुलीला वाचून दाखवली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, हुशार, हजरजबाबी. भूक लागली असताना खाणं टाळतेस का? "ताई, सोमवार, चतुर्थी आणि मार्गशीर्षातले गुरुवार. नेहमी लिहा." तू जास्त खावंस असं इतरांना वाटतं का? ती हसायलाच लागली. "आजीला विचारा." तू फार बारीक आहेस असं लोक म्हणतात का? "म्हणतात काय, हाकच मारतात. सुकट म्हणून."

गुण कसे देतात ते बघा. 'नेहमी' ला ३. तीन प्रश्नांचे झाले ९. धोक्याची रेषा २० वर. म्हणजे उपवास, आजी आणि सुकट एवढ्या भांडवलावर ही धडधाकट मुलगी जवळपास निम्मा रस्ता चालून गेली! मापनपट्टी वाईट नाही, १९८२ पासून जगभर वापरात आहे. पण तिचं भाषांतर करणं म्हणजे शब्द बदलणं नव्हे. मी शब्द बदलले होते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'प्रमाणित प्रश्नावलीचा मराठी अनुवाद वापरला जाईल' असं लिहिलं असेल तर तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

आता उपायांकडे. इस्राएलने २०१२ मध्ये कायदा केला: मॉडेलचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी नसावा, आणि फोटो बारीक करून घेतला असेल तर तसं छापावं. फ्रान्समध्ये २०१७ पासून डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, पण तिथे ठरावीक आकडा न घालता निर्णय डॉक्टरवर सोडला. मला फ्रान्सचं पटतं. कारण १८.५ ही रेषा महाराष्ट्रात लावलीत तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीप्रमाणे पाचातली साधारण एक बाई तिच्या खाली आहे, आणि ती काही रॅम्पवर चालण्यासाठी उपाशी राहिलेली नाही. दुसरं, बीएमआय आपल्या शरीराबद्दल फसवतो. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो २००४ च्या लॅन्सेटमध्ये आहे, तो जरूर शोधा. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एका पानात एवढं सांगणारं संशोधन मी दुसरं पाहिलेलं नाही. फोटोखाली 'सुधारित छायाचित्र' छापण्याचं म्हणाल, तर मारिका टिगेमन वगैरेंच्या प्रयोगांत अशा लेबलांनी बघणाऱ्या बायकांची स्वतःबद्दलची नाराजी काही कमी झाली नाही.

आपल्याकडे काय झालं? १९९५ ची टफ शूजची जाहिरात आठवते का (तुमचा जन्म नसेल, घरी विचारा)? मधु सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघंही मराठी, दोघंही खेळाडू. अंगावर बूट आणि एक अजगर. अश्लीलतेचा खटला झाला, अजगरासाठी वन्यजीव कायदाही निघाला, आणि निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. चौदा वर्षं वाद कपड्यांचा चालला. तसं शरीर किती जणांना आणि कशाच्या बदल्यात शक्य आहे, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये गोरेपणाच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणासाठी. मॉडेलच्या वजनाचा प्रश्न तिथवर पोचलेला नाही. आणि सडपातळ हा शब्द आपल्याला होर्डिंगने शिकवलेला नाही, तो 'वधू पाहिजे' च्या छोट्या जाहिरातींत केव्हाचा छापून येतोय.

शेवटी मी त्या मुलीला होर्डिंगवरच्या बाईबद्दलच विचारलं. ती बघून कसं वाटतं? ती म्हणाली, "ते आमच्यासाठी नाहीच ओ ताई. मुंबईवाल्यांसाठी आहे. आम्ही थोडीच व्हिला घेणार?" मग जरा थांबून म्हणाली, "रिसेप्शनच्या नोकरीला गेलेले ना, तेव्हा वाटलं. मॅडमनी वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, फिगर जरा मेंटेन कर, मग ये." तेव्हा ती बारीक नव्हती, त्यानंतर झाली. सुकट हे नाव गेल्या वर्षीचं.

म्हणजे मी प्रश्नावलीतले तिचे उपवास हसून सोडून दिले, तेही घाईच झाली होती. मी परत जाऊन विचारलं, मार्गशीर्षातले गुरुवार कधीपासून धरतेस? "आई पहिल्यापासून धरते. मी त्या नोकरीनंतर."

बेकर यांच्या २००४ च्या लेखात फिजीच्या मुलीही नोकरीबद्दलच बोलतात, ते मी आधी वाचूनही सोडून दिलं होतं. नव्या सिनॉप्सिसमध्ये 'जाहिरातींचा परिणाम' हे शब्द नाहीत. किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या नोकऱ्यांत मुलींच्या अंगाबद्दल कोण, केव्हा, काय बोलतं, हे आहे. आणि उपवासाचा प्रश्न आता दोन भागांत आहे: कोणता, आणि कधीपासून.